फोनवरचे दुकान आणि हातातला टाका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. आजवर भाषण म्हणून जे काही केले ते घरात, आणि तेही मुले ऐकत नसताना. परंतु कार्यवाह ताईंनी विषयच असा काढला की नाही म्हणता येईना. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरबसल्या फोनवरून गोधड्या विकता. मंडळातल्या पाचसहा जणी आता असेच काही करू लागल्या आहेत. कुणी तोरणे करते, कुणी क्रोशाचे रुमाल, कुणी आकाशकंदील. सुरुवातीला सगळ्यांना उत्साह असतो, आणि वर्ष जात नाही तोच चेहरे उतरतात. पैसे येतात पण हौस जाते. तुमची हौस अजून कशी टिकली ते सांगा."

आता माझा चेहरा रोजच फुललेला असतो असे नाही. माझ्या सासूबाई पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे खोटे बोलण्याची सोय नाही. पण सुई हातात घेताना मला अजून बरे वाटते, हे खरे. ते का, एवढेच मला जमेल तसे सांगते.

तुम्हांला गोधडी काय सांगावयाची! आपल्यापैकी बहुतेकजणी गोधडीतच लहानाच्या मोठ्या झालो. तरी लहान सुनांसाठी सांगते. माझे माहेर माण तालुक्यातले. तिकडे पाऊस कमी, आणि थंडीच्या दिवसांत रात्री गारठा फार. सुगी आटोपली, उन्हे तापू लागली की आजी, आई आणि शेजारच्या दोघी अशा चौघी अंगणात चार कोपरे धरून बसत. खाली जुने लुगडे, मध्ये फाटक्या धोतरांचे थर, वर पुन्हा लुगडे. आधी कच्च्या दोऱ्याने सगळे टाचून घ्यावयाचे, मग कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावयाचे. चौकोनात चौकोन, त्यात पुन्हा चौकोन. शेवटी मधोमध हाताएवढी जागा उरे. तिला आजी गोधडीचे पोट म्हणे. तिथे कोऱ्या कापडाचा एक तुकडा लावल्याशिवाय गोधडी पुरी झाली असे ती मानीत नसे. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असे तिचे म्हणणे. मी अजून तो तुकडा लावते. गिऱ्हाइकाला मात्र कधी सांगत नाही. सांगितले की त्याचीही जाहिरात होईल, आणि आजीला ते आवडले नसते असे मला उगीचच वाटते.

हा धंदा मी ठरवून काढलेला नाही. २०१९ साली माझ्या मुलीने एका गोधडीचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला. आठवड्याने पुण्याहून एका बाईंचा निरोप आला की अशी एक पाहिजे. मला वाटले, मुलगी थट्टा करते आहे. पैसे फोनवरच जमा झाले तेव्हा कुठे खरे वाटले. मग व्हॉट्सॲपवर एक, ओळखीने दुसरी, असे वाढत गेले.

पहिली अडचण आली ती किमतीची. पाच बाय सात फुटांच्या गोधडीला पाच-सहा लुगडी लागतात. रोज दुपारी चार तास बसले तर बारा-तेरा दिवस जातात. पन्नास तास धरा. तासाला ५० रुपये मजुरी धरली तर २५०० होतात. अस्तर आणि सुती दोरा मिळून ४५०. म्हणून मी २९५० सांगते, टपाल वेगळे. हा हिशेब मी सरळ गिऱ्हाइकाला लिहून पाठवते. पुष्कळजणी उत्तर देत नाहीत. काहीजणी लिहितात की बाजारात याहून कितीतरी स्वस्त मिळते. मी म्हणते, मिळते, ती यंत्रावर शिवलेली असते, आणि थंडी तिनेही जाते. यात टोमणा नाही. मशीनची गोधडी वाईट असे मी कधी म्हणत नाही. आपल्याच मंडळातल्या एक ताई मशीनवर शिवतात, मशीनची म्हणून सांगून विकतात, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त विकतात. आमचे दोघींचे छान जमते.

पण पन्नास तासांचे पैसे मागावयाचे तर ते पन्नास तास खरे पाहिजेत. माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट इथेच येऊन थांबते.

याच बाबतीत माझ्या भाच्याने मला एक सल्ला दिला होता. मुलगा हुशार आहे, शहरात जाहिरातीचेच काम करतो. म्हणाला, "मावशी, तू नऊवारी नेस, नथ घाल, चुलीजवळ बस आणि शिवतानाचे रील करू. शहरातल्या लोकांना असले फार आवडते." मी त्याला विचारले, अरे, आपल्याकडे चूल कुठे आहे? तर म्हणाला, शेजाऱ्यांच्या परसात पाणी तापवायची आहे ना. आता मी घरात गाऊन घालून शिवते हे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुणे आले की वरून ओढणी घेते. नथ घालून धावदोरा घालावयाचा तर दोरा नथीत अडकेल. आणि चुलीजवळ कोण शहाणी बाई कापूस-कापड घेऊन बसेल? ठिणगी उडाली की बारा दिवस फुकट. पोरगा हसला, पण त्याला पटले. आता माझ्या रीलमध्ये नुसते हात दिसतात. हातात अंगुस्तान असते आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. एका बाईंनी खाली लिहिले होते की ती शिट्टी ऐकून आईच्या घरी गेल्यासारखे वाटले. नथीने हे झाले असते की नाही कोण जाणे.

हे झाले गमतीचे. आता जे गमतीचे नव्हते ते सांगते.

२०२१ सालचा पावसाळा. आमच्या ह्यांचा कारखाना आदल्या वर्षी टाळेबंदीत बंद पडला तो पुन्हा उघडलाच नाही. हे मिळेल ते काम करीत होते. थोरल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि पहिला हप्ता भरण्याची तारीख अगदी तोंडावर आली होती. अशा वेळी एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याने माझे फोटो पाहिले होते. म्हणाला, "ताई, दोनशे नग विकायचे आहेत. तुम्ही शिवण्याचे कष्टच घेऊ नका. माल मी पाठवतो, यंत्रावरचा, जुनाट दिसेल असा धुऊन आणलेला. तुम्ही तुमच्या ओट्यावर पसरून फोटो काढायचा, 'हाताने शिवलेली' असे खाली लिहायचे आणि तुमच्या नावावर विकायचा. नगामागे ४०० रुपये तुमचे."

दोनशे गुणिले चारशे. मी सातवी शिकलेली असले तरी हा गुणाकार मला पटकन आला. ८०,००० रुपये. महिन्याला दोन गोधड्या धरल्या तर माझी सबंध वर्षाची मजुरी ६०,००० होते.

घरात बोलणे निघाले. हे म्हणाले, "कुणाला कळणार आहे? बाजारात सगळे असेच चालते." हे स्वभावाने लबाड नाहीत, तुम्ही ओळखता त्यांना. घरात पैसा नसला की पुरुषमाणसाच्या छातीवर जे ओझे येते ते त्यांच्या तोंडून बोलत होते. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या शिक्षणापुढे टाके कोण मोजतंय?" त्यांचेही चुकीचे होते असे मला वाटत नाही.

मी दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवले. दोन दिवस घरात अबोला होता. हप्ता माझ्या दोन पाटल्या मोडून भरला. पाटल्या अजून पुन्हा झालेल्या नाहीत. मुलगी आता नोकरीला लागली आहे आणि दर महिन्याला पाटल्यांचा विषय काढते, मी तो पुढे ढकलते. त्या व्यापाऱ्याला दुसरी कुणी मिळाली असेलच. नाही म्हटल्याचे मला काही बक्षीस मिळाले, मागाहून मोठे गिऱ्हाईक आले, असे काही घडलेले नाही. उगाच गोष्टीला शेपूट जोडत नाही.

मग नाही का म्हटले? मी फार मोठी सत्यवादी आहे म्हणून नव्हे. दूधवाल्याला उद्या पैसे देते असे मीही सांगते. माझ्या मनात वेगळीच भीती होती. समजा, ते दोनशे नग विकून झाले. मग एक दिवस मी स्वतः बारा दिवस बसून शिवलेली गोधडी त्याच ओट्यावर पसरली, तर फोटोखाली काय लिहू? 'हाताने शिवलेली' हे शब्द तर मी खोट्या मालावर खर्चून बसलेली. खऱ्या गोधडीसाठी माझ्यापाशी शब्दच उरले नसते. आणि शिवताना मन काय म्हणाले असते? चारशे रुपये नुसत्या फोटोला मिळतात, मग हा पन्नास तासांचा खटाटोप कशाला? माझ्या हातातला टाका मलाच खुळचट वाटू लागला असता. हौस जाते ती अशी जाते, असे माझे मत आहे. कामाच्या थकव्याने ती जात नाही. रात्री झोपले की थकवा उतरतो.

तेव्हापासून मी एक नवा पायंडा पाडला. प्रत्येक गोधडीचा एक फोटो पाठीकडून काढते. वरची बाजू कुणीही सजवील, पाठ मात्र बोलते. यंत्राच्या टाक्याला दोन दोरे असतात, एक वरचा, एक खालचा, आणि ते एकमेकांत अडकत जातात. म्हणून तो टाका एकसारखा, सलग दिसतो. धावदोऱ्याला दोरा एकच. तो वर येतो, खाली जातो, मध्ये जागा सोडतो. टोकाची गाठ कापून दोरा ओढला तर सरळ निघून येतो. हाताचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे, एक जरा मोठा, एक जरा लहान. संध्याकाळी घातलेले तर मला स्वतःला ओळखू येतात, कारण स्वयंपाकाची वेळ झाली की माझे टाके लांब होतात. गिऱ्हाइकांना मी हे सगळे सांगितले आहे. आता काहीजणी गोधडी पोचली की मुद्दाम लिहितात, "ताई, संध्याकाळचे टाके सापडले."

मोठे होऊच नये असे मात्र मी सुचवत नाही. लिज्जतचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, आणि आज हजारो भगिनी त्यात आहेत. पण लाटणे अजून बायकांच्या हातीच आहे. हात वाढले म्हणून काम वाढले. माझ्याकडे हात दोनच आहेत, आणि दोन हातांनी दोनशे नग होत नाहीत. एवढे साधे त्रैराशिक आहे.

मुलीने मला फोनवर एक हकीकत वाचून दाखवली ती इथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत अलाबामा म्हणून राज्य आहे. तिथे नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे लहानसे गाव आहे. गुलामगिरीत राबलेल्या काळ्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या, शेतातल्या फाटक्या विजारींच्या गोधड्या शिवत. हुबेहूब आपल्यासारख्या! कारणही तेच, थंडी आणि गरिबी. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. मोठ्या शहरांतल्या दुकानांची कामे मिळू लागली. पैसा आला, आणि तो त्यांना हवाच होता. पण दुकानांना सगळे नग एकाच मापाचे, एकाच नमुन्याचे पाहिजेत. १९७२ साली सिअर्स या मोठ्या कंपनीने त्यांना कॉर्डुरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम दिले. तिथे स्वतःच्या मनाने रंग जुळवण्याला वावच नव्हता.

आता पुढची गंमत ऐका. त्या कामातून उरलेल्या कॉर्डुरॉयच्या चिंध्या बायका घरी नेत, आणि रात्री आपल्या मनासारख्या गोधड्या शिवत. वाकड्या, तिरक्या, वाटेल त्या रंगांच्या. ज्या गोधड्या दुकानाच्या मापात बसत नव्हत्या, तसल्याच २००२ साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ साली अमेरिकेने त्यांची टपाल तिकिटे काढली. २०२१ पासून तिथल्या बायका एट्सी या फोनवरच्या बाजारात आपापल्या नावाने गोधड्या विकू लागल्या.

मी हे ऐकले तेव्हा मला त्या भिंतीपेक्षा चिंध्यांचे जास्त कौतुक वाटले. दिवसभर दुसऱ्याच्या मापाचे अभ्रे शिवून बोटे दुखत असतील, तरी रात्री पुन्हा सुई घेतली. म्हणून मीही वर्षाला एक गोधडी विकण्यासाठी करीत नाही. तिचा फोटोही काढीत नाही. रंग जुळोत न जुळोत, मनाला येईल ते ठिगळ लावते. गेल्या वर्षीच्या गोधडीत ह्यांच्या कारखान्याचा निळा सदरा गेला. हे रोज तीच अंगावर घेतात, काही बोलत नाहीत.

आता फोनविषयी. फोन हा नोकर चांगला, पण त्याला झोप नाही. रात्री अकराला कुणी लिहिते, "किंमत काय?" पहाटे कुणी लिहिते, "अजून पाठवली नाही का?" फोटो टाकला की तासाभरात किती जणांना आवडला त्याचा आकडा येतो. आकडा पाहावासा वाटतोच, मीही पाहते. पण एकदा असे झाले की वाळत घातलेल्या गोधडीवर आमची मांजर येऊन झोपली. मुलीने तो फोटो टाकला. गोधडीला नेहमी चाळीस-पन्नास अंगठे मिळत, मांजरीला नऊशे मिळाले. मांजर विक्रीला नाही असे शेवटी खाली लिहावे लागले. त्या दिवसापासून आकड्याची भीती पार गेली. नऊशे लोकांना मांजर आवडली, यात माझ्या टाक्यांचे काय कमी झाले?

शिवण्याच्या चार तासांत फोन डाळीच्या डब्यावर ठेवलेला असतो, आवाज बंद करून. गिऱ्हाइकांची नावे वहीत लिहिते, पाळी आली की स्वतः फोन करते. तीन-चार महिने थांबावे लागते. काही थांबतात, काही निघून जातात. जातात त्यांचे वाईट वाटते. विशेषतः दिवाळीच्या सुमारास, जेव्हा सगळ्यांचे गल्ले भरत असतात.

एक शेवटची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचे पार्सल आले. आत तिच्या आईची सहा लुगडी. आई गेल्याला वर्ष झाले होते. चार सुती, दोन इरकली, डांबरगोळ्यांचा वास येत असलेली. चिठ्ठीत लिहिले होते, याची गोधडी करा. मी ती लुगडी उन्हात घातली, घडी करून ठेवली, आणि तीन दिवस कात्री लावलीच नाही. लावता येईना. एका लुगड्याच्या पदराला हळदीचा डाग होता, ओले हात पुसावेत तिथे. चौथ्या दिवशी मी तिला व्हिडिओवर फोन केला आणि म्हटले, तुझ्यासमोर कापते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, डाग काढू नका." मी म्हटले, नाही काढत. तो डागाचा तुकडा मी बरोबर मधोमध, पोटाच्या जागी लावला. आजीचा कोऱ्या कापडाचा नियम त्या एका गोधडीपुरता मोडला. आजीने क्षमा केली असेल.

त्या गोधडीला मला सोळा दिवस लागले. पैसे नेहमीचेच घेतले. ती मुलगी द्या म्हणेल तेवढे देत होती, परंतु हिशेब पन्नास तासांचा ठरलेला, तो दुःख पाहून वाढवावयाचा नाही आणि कमीही करावयाचा नाही.

कार्यवाह ताईंनी घड्याळ दाखवले, तेव्हा थांबते. अजून हळदीकुंकू व्हावयाचे आहे. दर गुरुवारी दुपारी दोन ते चार मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना धावदोरा शिकावयाचा असेल त्यांनी यावे. सुया आणि अंगुस्ताने मी आणीन. जुने लुगडे ज्याचे त्याने आणावे, धुऊन, खळ काढून. फोन आणलात तरी चालेल, मंडळाच्या कपाटात जागा पुष्कळ आहे.